श्रम, विसावा आणि रक्तातला विळा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, असा आपल्याकडचा संकेत आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली, तेव्हापासून तो बहुतेक पाळला गेला. मी विद्वान नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात, लाँचच्या बाकावर आणि संघटनेच्या कचेरीत. जन्म रेवसचा, आणि आयुष्य गेले हमाल, खलाशी, वीटभट्टीवरचे मजूर यांच्या सभा भरवण्यात. तेव्हा आजचा विषय पाहून काहींना वाटले असेल, की जन्मजात आणि आनुवंशिक आजारांशी या माणसाचा काय संबंध? तो संबंध एका चुकीतून आला. चूक माझी होती. तिच्यापासूनच आरंभ करतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या खाडीवरच्या एका धक्क्यावर माल चढवण्या-उतरवण्याचे काम टोळीने चाले. मजुरी टोळीला मिळे आणि टोळी ती सारखी वाटून घेई. पूर्व विदर्भातून मुकादमाबरोबर आलेल्या एका टोळीत विशी-बाविशीचा एक तरुण होता. तो तासभर नीट काम करी, मग बसे. पाणी पिई, पुन्हा उठे, पुन्हा बसे. थंडीच्या दिवसांत गुडघे धरून पडून राही. चार-पाच दिवस कामावर येत नसे, मग येई आणि सर्वांच्या बरोबरीने वाटा मागे. टोळीतले गडी कुरकुरू लागले. मुकादमाने त्याचा वाटा अर्धा केला. तक्रार माझ्याकडे आली. मी दोन्ही बाजू ऐकल्या आणि मुकादमाच्या बाजूने कौल दिला. कामचुकार माणसामुळे संघटनेचे नाव खराब होते, असे भाषणही केले. तरुण काही बोलला नाही. आठवड्याने तो निघून गेला.

दीड-दोन वर्षांनी तो राहिलेल्या पैशांसाठी पुन्हा आला. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. हातात इस्पितळाचा कागद होता. त्यावर सिकलसेल असे लिहिले होते. मी तो शब्द तेव्हा पहिल्यांदा वाचला. तो म्हणाला, “भाऊ, मले काय झालं ते या कागदावर लिवलं आहे. मी किती ओझं उचलू शकतो, ते कुठं लिवलं आहे?”

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या उत्तराचा शोध होय.

प्रथम आजाराविषयी. विळा म्हटला की कामगार कार्यकर्त्याला झेंड्यावरचा विळा आठवतो. हा विळा निराळा. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी वाटोळ्या आणि लवचिक असतात. केसाहून बारीक वाहिन्यांतून त्या अंग चोरून पुढे सरकतात. त्यांच्यात हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते, ते प्राणवायू वाहून नेते. काही माणसांत हे द्रव्य जन्मापासून किंचित वेगळे असते. प्राणवायू कमी पडला की त्याचे कण एकमेकांना चिकटून काड्या होतात, आणि पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक वाहिनीत अडकतात. पुढचा भाग रक्तावाचून तडफडतो. तीच ती हाडासांध्यांची जीवघेणी कळ. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही विळ्याची पेशी दहा ते वीस दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त कमी आणि डोळ्यांत कावीळ. तहान, ऊन, थंडी, उंच प्रदेश आणि एकदम पडलेले कष्ट, या सर्वांनी विळा लवकर वळतो.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला, तरच आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस केवळ वाहक असतो; तो बहुधा सर्वसाधारण आयुष्य जगतो. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याचा संभव चारांत एक असतो.

वैद्यकाच्या ग्रंथांत हा आजार शिरला तो १९१० साली. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या रक्तातल्या विळ्यांचे वर्णन छापले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की दोष हिमोग्लोबिनच्या कणातच आहे. काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका हुडकला. शेकडो मण्यांच्या माळेत एक मणी बदललेला, एवढाच काय तो फरक! आणि एवढा दोष टिकून का राहिला, तर १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी दाखवल्याप्रमाणे, वाहकाला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते म्हणून. जंगलातल्या डासांनी ज्यांना शतकानुशतके छळले, त्यांच्याच रक्तात हा विळा ठाण मांडून बसला.

आपल्या देशात तो १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सापडला. लेहमन आणि कटबुश यांनी तो शोधला. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे साल १९५८ होय. त्या वर्षी नागपूरचे शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयीचे टिपण लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्या पाहण्यांतून दिसून आले, की गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा या जमातींत त्याचे प्रमाण पुष्कळ आहे. कोकणातल्या जमातींत ते त्याहून कमी आहे. विदर्भात तो केवळ आदिवासींपुरताही नाही. अनुसूचित जातींत आणि इतर मागास समाजांतही आहे. म्हणजे जो आजार मुंबईच्या दवाखान्यात दुर्मिळ म्हणून दाखवला जाईल, तो गडचिरोलीच्या पाड्यावर शेजारच्या घरात असतो. दुर्मिळ हा शब्द ऐकला की मी आता विचारतो, मोजणारा कुठे उभा होता?

आता दुसऱ्या धाग्याकडे वळू. माणसाने किती श्रम करावेत आणि श्रमाने त्याचे काय होते, या शास्त्राचा जन्म पैलवानांच्या तालमीत झाला असेल अशी माझी समजूत होती. वस्तुतः त्याचा फार मोठा भाग कामगारांच्या अंगावर उभा आहे. १७०० साली इटलीत बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी कामकऱ्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, आणि रोग्याला त्याचा धंदा विचारावा, असा उपदेश वैद्यांना केला. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९२७ साली थकव्याची प्रयोगशाळा काढली. तिच्या नावातच थकवा होता, आणि तिच्या जन्मामागे कारखान्यातल्या थकव्याचा प्रश्न होता. १९५३ साली लंडनचे डॉक्टर जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांवरच्या कामगारांचा अभ्यास छापला. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. एकच गाडी, एकच मालक, एकच धूर. फरक फक्त पायांच्या हालचालीचा!

आम्हा धक्क्यावरच्या माणसांना अधिक जवळचे उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे आहे. तेथील गोदी कामगारांच्या युनियनने १९५१ साली आपल्या सभासदांची आरोग्यतपासणी घडवून आणली. डॉक्टर राल्फ पॅफेनबार्गर यांनी त्या कामगारांचा पुढे बावीस वर्षे माग ठेवला. १९७५ साली त्यांनी ६,३५१ गोदी कामगारांचा हिशेब मांडला, तेव्हा जड काम करणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी निघाले. व्यायाम हितकारक आहे, हे जे आज डॉक्टर आपणांस सांगतात, त्या वाक्याच्या पायाशी पाटी उचलणारे हमाल आणि जिने चढणारे कंडक्टर आहेत.

परंतु या सगळ्या मोजणीत एक गोष्ट राहून गेली. जे धडधाकट होते, तेच कामावर होते. आणि जे कामावर होते, तेच मोजले गेले. माझ्या धक्क्यावरून निघून गेलेला तरुण अशा कोणत्याही वहीत सापडला नसता. ज्यांच्या रक्तात वा स्नायूंत जन्माचा दोष आहे, त्यांच्यासाठी वैद्यकाजवळ फार काळ एकच शब्द होता: विश्रांती. त्या सल्ल्यामागे दया होती आणि भीतीही होती. भीती सर्वस्वी खोटी नव्हती, हे पुढच्या घटनेवरून दिसेल.

१९६८-६९ साली अमेरिकेत टेक्सासमधील फोर्ट ब्लिस या लष्करी छावणीत, समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांवर, नव्या शिपायांच्या शिक्षणात चार कृष्णवर्णीय तरुण कसरतीनंतर मरण पावले. चौघेही सिकलसेलचे वाहक निघाले. रोगी नव्हे, केवळ वाहक. १९७० साली हे प्रसिद्ध झाले आणि वाहकांना वगळण्याची लाट आली. काही विमान कंपन्यांनी त्यांना विमानावरच्या कामापासून दूर ठेवले. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीचे दार त्यांना १९८१ पर्यंत बंद होते. ज्यांच्या अंगात आजार नव्हता, त्यांच्या अंगावर आजाराची चिठ्ठी लागली.

यावर दुसरा मार्ग होता. नव्या शिपायाला पहिल्या दिवसापासून ऊर फुटेस्तोवर पळवू नये. हळूहळू सवय लावावी. पाणी वेळेवर द्यावे. ऊन पाहून काम ठरवावे, आणि मधे विसावा द्यावा. हे वाहकालाच नव्हे, सर्वांनाच द्यावे. पुढे लष्कराने उष्माघात टाळण्यासाठी असे नियम सरसकट सर्वांना लावले. २०१६ साली सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय शिपायांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा असे आढळले, की वाहकांत मृत्यूचे प्रमाण इतरांहून अधिक नाही. अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका मात्र त्यांना सुमारे दीडपट आहे. म्हणजे धोका आहे. पण त्याच्यावरचा उपाय माणसाला हाकलणे हा नसून कामाची रीत सुधारणे हा आहे.

हे वाचले तेव्हा मला आमच्या किनाऱ्यावरची जुनी जखम आठवली. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात बुडाली, आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्या बाजूला आजही आषाढातल्या अवसेला जुनी घरे गप्प होतात. त्या दुःखातून आमच्या वाडवडिलांनी जो अर्थ काढला, तो ‘पोहता न येणाऱ्याने बोटीत बसू नये’ असा नव्हता. बोट नीट असावी, हवा पाहून सुटावी, हाच तो अर्थ होता. मग धक्क्यावर काम करणाऱ्याच्या बाबतीत आपण उलटा न्याय का लावतो?

आता वाहक सोडून प्रत्यक्ष रोग्याकडे येऊ. १९९५ साली २९९ प्रौढ रोग्यांवरच्या चाचणीत हायड्रॉक्सियुरिया या औषधाने कळांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. माणसे अधिक जगू लागली, तसा नवा प्रश्न उभा राहिला: जगायचे कसे? खाटेवर की पायांवर? २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी प्रौढ सिकलसेल रोग्यांवरची एक चाचणी ‘लॅन्सेट’च्या रक्तविकारांवरील पत्रिकेत प्रसिद्ध केली. प्रत्येकाची ताकद आधी मोजून, त्याला झेपेल एवढाच मध्यम व्यायाम आठ आठवडे दिला होता. त्यांची शारीरिक क्षमता वाढली आणि व्यायामामुळे अपाय झाला नाही. अर्थात तो व्यायाम डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता. कुणी आज घरी जाऊन रोग्याला दंडबैठका काढायला लावू नयेत.

हीच कथा दुसऱ्या जन्मजात आजारांत दिसते. ड्यूशेन स्नायुक्षय या आजारात मुलांचे स्नायू वर्षागणिक झिजत जातात. जोराचा व्यायाम त्यांना घातक, म्हणून त्यांना बसवून ठेवीत. आणि बसून राहिल्याने ते अधिकच झिजत. २०१३ साली हॉलंडमध्ये अशा तीस मुलांची चाचणी प्रसिद्ध झाली. मोटरची मदत असलेल्या सायकलीवर हातपाय हलवणाऱ्या मुलांची हालचाल २४ आठवडे टिकून राहिली. सायकल न मिळालेल्या मुलांची त्या काळात घसरली. आजार बरा झाला नाही. पण जे आहे ते आणखी काही काळ हातचे राहिले. ज्या आईला मुलाने स्वतःच्या हाताने घास घेतलेला पाहायचा आहे, तिला या ‘काही काळ’ची किंमत विचारावी.

ही किंमत मोजायची कशी? १९४८ साली अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत म्हटले आहे, की आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे. शरीर, मन आणि समाजातले स्थान या तिन्ही बाबतींतले स्वास्थ्य होय. पुढे त्याच संघटनेने जीवनाची प्रत पारखण्यासाठी २६ प्रश्नांची यादी तयार केली. झोप लागते का, दुखण्यामुळे कामे अडतात का, पैसा पुरतो का, मित्रांचा आधार आहे का, असे ते प्रश्न आहेत. दुसरे माप त्याहून सोपे आहे. तीस मीटरच्या सपाट वाटेवर माणसाला सहा मिनिटे आपल्या चालीने चालू द्यायचे, हवे तेथे थांबू द्यायचे आणि किती अंतर कापले ते मोजायचे. या चाचणीतला थांबण्याचा हक्क मला फार आवडला. थांबला म्हणून कोणी त्याला कामचुकार म्हणत नाही. थांबणे हाही मोजमापाचाच भाग आहे. माझ्या धक्क्यावर तो तरुण हीच चाचणी रोज देत होता. मोजणारा तेवढा आंधळा होता.

आपल्या राज्यात आता काय आहे? मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे. हिमोग्लोबिनच्या आजारांच्या संशोधनाचे केंद्र चंद्रपूरला उभे राहिले, आणि ते डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांना दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले. ही मोठी पावले आहेत. पण त्याच कायद्यातल्या सरकारी नोकऱ्यांच्या चार टक्के राखीव जागांच्या कलमात स्नायुक्षय आहे, रक्ताचे हे तीन आजार नाहीत. नाव यादीत आहे, भाकरी यादीत नाही.

आणि तपासणीचे कार्ड मिळाल्यावर पुढे काय? दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातले कातकरी उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, ते पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. भट्टीवर ऊन, जाळ आणि विटांच्या हिशेबाने मजुरी. जो बसला त्याच्या विटा कमी, म्हणून उचल फिटत नाही. तेथे एखाद्याच्या खिशातले कार्ड मुकादमाच्या हाती पडले, तर तो त्याला विसावा देईल की गाडीत बसवून घरी पाठवील? तुम्ही जाणता. म्हणून माझे म्हणणे असे, की ते कार्ड कामगाराचे असावे. ते दाखवायचे की नाही, हे त्यानेच ठरवावे. पाणी, सावली आणि मधला विसावा सर्वांना असावा. नव्या माणसाला पहिले काही दिवस हलके काम असावे. मग कुणाला आपल्या रक्ताची कहाणी सांगत बसण्याची गरजच उरत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची सुटी आणि पिण्याचे पाणी लिहून ठेवले होते. ते मागताना आमच्या आधीच्या पिढीला सिकलसेल ठाऊक नव्हता. तरीही त्यांच्या मागणीत त्याच्यावरचा अर्धा उपाय होता.

संशोधकांनाही एक विनंती आहे. इस्पितळाच्या गार ओसरीवरची चाल मोजलीत, ती मोजाच; पण भट्टीवरची, भाताच्या खाचरातली, धक्क्यावरची चालही मोजा. तेथला रोगी सायकल चालवणार नाही, तो पाटी उचलणार आहे. किती उचलावी, किती वेळाने बसावे, हे त्याला सांगणारा कागद अजून तयार व्हायचा आहे. आणि रोग्यांनी एकत्र यावे. हिमोफिलियाचे रोगी गावोगाव एकेकटे विखुरलेले. तरी १९६३ साली फ्रँक श्नाबेल या रोग्याने त्यांचा जागतिक संघ उभारला, आणि १९८३ साली आपल्या देशातही त्यांची संस्था निघाली. आम्ही खलाशांची संघटना बांधली तेव्हाही लोक हेच म्हणत होते, की बंदरोबंदरी पांगलेली माणसे कशी गोळा होणार!

तो तरुण पुन्हा आला नाही. त्याच्या वाट्याचे कापलेले पैसे मी त्या दिवशी टोळीकडून वसूल करून दिले. ते त्याचेच होते, त्यात माझा मोठेपणा नाही. निरोप घेताना त्याने लाँच किती वाजता सुटते ते विचारले. मी म्हणालो, अजून अर्धा तास आहे, सावकाश जा. एवढेच उत्तर मला तेव्हा सुचले होते. तो धक्क्यावरून दोनदा थांबून गेला. मी ते अंतर मोजले नाही, पण अजून विसरलो नाही.